काउंटीचं आरोग्य: आधी काय हाती घ्यायचं?

अमेरिकेतल्या लहान, ग्रामीण काउंट्यांत राहणाऱ्या मराठी वाचकांचे या वेळचे बरेच प्रश्न एकाच विषयाभोवती फिरत होते. हेल्थ डिपार्टमेंटमध्ये माणसं मोजकी, पैसा तुटपुंजा आणि समोर दुखणी ढीगभर. मग सुरुवात कुठून करायची? माझं मत आधीच सांगते. ज्या विषयाला जबाबदार माणूस नेमलेला नाही, रक्कम बाजूला काढलेली नाही आणि तारीख ठरलेली नाही, तो कागदावर पहिला असला तरी प्राधान्याचा नाही.

प्रश्न: जे-१ व्हिसाच्या सवलतीवर (डॉक्टरांची कमतरता असलेल्या भागात काम केल्यास मायदेशी परतण्याची अट माफ) मी कॅन्ससमधल्या एका छोट्या गावात फॅमिली डॉक्टर म्हणून रुजू झालो आहे. रुग्णालयाने 'कम्युनिटी हेल्थ नीड्स असेसमेंट'च्या, म्हणजे परिसरातल्या आरोग्य-गरजांच्या आढाव्याच्या, बैठकीला बोलावलंय. दिवसभर पेशंट बघून अशा बैठकीला जाण्यात काही अर्थ आहे का?

जरूर जा. २०१० च्या अफोर्डेबल केअर ॲक्टनुसार करसवलत घेणाऱ्या ना-नफा रुग्णालयाला दर तीन वर्षांनी हा आढावा घ्यावाच लागतो. तो चुकवला तर ५०,००० डॉलरचा कर बसू शकतो. आढाव्यात सरकारी आरोग्य विभागाचं आणि गरीब, वंचित, अल्पसंख्याक लोकांचं म्हणणं घेणं बंधनकारक आहे, आणि अहवाल लोकांसाठी खुला ठेवावा लागतो.

जाण्यापूर्वी मागचा अहवाल रुग्णालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. आधी ठरवलेल्या कामांचं पुढे काय झालं, हे नव्या अहवालात लिहिणं सक्तीचं असतं. बैठकीत तोच प्रश्न पहिला विचारा. मागच्या अहवालावर कोणी लेखी अभिप्राय पाठवला असेल तर तोही नव्या आढाव्यात विचारात घ्यावा लागतो. बहुतेकांना हे माहीत नसतं, त्यामुळे अभिप्रायाची फाइल रिकामीच राहते.

तुमच्याकडे असं काही आहे जे डेटावाल्यांकडे नाही. डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा साठ मैल गाडी हाकणारा म्हातारा शेतकरी बर्फ पडलं की एक खेप चुकवतो आणि दोन दिवसांनी धापा टाकत इमर्जन्सीत येतो. आकडेवारीत ही हृदयाची किंवा किडनीची केस म्हणून नोंदली जाते, खरी अडचण मात्र वाहनाची असते. तिथे हे सांगा, फक्त कोणाची ओळख पटेल असं काही बोलू नका. चार हजारांच्या गावात 'एक वयस्कर शेतकरी' म्हटलं तरी लोक नाव ओळखतात.

प्रश्न: माझी बोर्ड ऑफ हेल्थवर, म्हणजे काउंटीच्या आरोग्य मंडळावर, नेमणूक झाली आहे. आमच्याकडे सर्वाधिक मृत्यू हृदयविकार आणि कॅन्सरने होतात. मग तेच दोन विषय घेऊन मोकळं का होऊ नये?

तसं केलं तर देशातल्या जवळपास प्रत्येक काउंटीची यादी सारखीच होईल आणि तुमच्या काउंटीत नेमकं काय करायचं हे कळायचं राहूनच जाईल.

या कामासाठी हॅनलन पद्धत बरीच वापरली जाते. प्रश्नाचा आकार, गांभीर्य आणि उपायाची परिणामकारकता यांना शून्य ते दहा गुण द्यायचे. आकारात गांभीर्याची दुप्पट मिळवायची आणि बेरजेला परिणामकारकतेने गुणायचं. नुसतं समजण्यासाठी एक उदाहरण करू. 'हृदयविकार' या मोघम विषयाला आकार ९, गांभीर्य ८ आणि परिणामकारकता ३ दिली, कारण पाच माणसांचं खातं सगळ्या हृदयविकाराला काय पुरणार? नऊ अधिक सोळा, गुणिले तीन, झाले ७५. आता विषय बदलून 'निदान झालेला पण आटोक्यात नसलेला रक्तदाब' असा मांडा. आकार ६, गांभीर्य ७ आणि परिणामकारकता ७ धरा. सहा अधिक चौदा, गुणिले सात, १४०. आजार तोच राहिला, पण जिथे हात पोचतो त्या पातळीवर तो मांडला, म्हणून वर आला.

गुण देण्याआधी किंवा नंतर पाच प्रश्न विचारायचे. हे आपलं काम आहे का? आर्थिकदृष्ट्या परवडतं का? लोक स्वीकारतील का? साधनं आहेत का? कायदा परवानगी देतो का? एकाचंही उत्तर 'नाही' आलं तर विषय तात्पुरता बाजूला ठेवून ती अडचण कशी दूर होईल ते बघायचं.

गुण प्रत्येकाने आधी एकट्याने, कागदावर द्यावेत. बोर्डाचा अध्यक्ष पहिला बोलला की बाकीचे आकडे त्याच्याकडे झुकतात. दोन सदस्यांच्या गुणांत मोठी तफावत दिसली तर तिथे थांबा आणि कारण विचारा. या पद्धतीचा खरा उपयोग त्या चर्चेत होतो. अंतिम आकड्याला मी फारसं महत्त्व देत नाही.

प्रश्न: मी एमपीएचची (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) विद्यार्थिनी आहे आणि नऊ हजार वस्तीच्या काउंटीचा अहवाल लिहितेय. आत्महत्या एका वर्षात दोनवरून पाचवर गेल्या. 'दीडशे टक्के वाढ' असं ठळक लिहू का?

लिहू नका. तुमचं गणित बरोबर आहे, पण त्यातून निघणारा अर्थ चुकतो. नऊ हजारांत दोन म्हणजे लाखामागे २२ आणि पाच म्हणजे लाखामागे ५६. हे दर पाहून काउंटी हादरेल. मात्र जिथे वर्षाला सरासरी चार मृत्यू होतात तिथे परिस्थिती तसूभरही न बदलता एखाद्या वर्षी एक आणि दुसऱ्या वर्षी आठ दिसू शकतात. म्हणूनच सीडीसीच्या (केंद्र सरकारची रोगनियंत्रण संस्था) 'वंडर' या माहितीसाठ्यात काउंटी पातळीवर दहापेक्षा कमी मृत्यूंचा आकडा झाकलेला असतो आणि वीसपेक्षा कमी मृत्यूंवर काढलेल्या दराला 'अविश्वसनीय' अशी खूण असते.

यावर उपाय म्हणजे पाच किंवा दहा वर्षांची बेरीज करा. तरीही आकडा लहानच राहिला तर शेती, उत्पन्न आणि वयोमान सारखं असलेल्या शेजारच्या तीन-चार काउंट्या एकत्र धरा. जनगणना खातंसुद्धा ६५,००० पेक्षा कमी वस्तीसाठी अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचे एका वर्षाचे अंदाज काढत नाही, पाच वर्षांचे काढतं.

आणखी एक सापळा आहे. 'सीडीसी प्लेसेस'वर तुमच्या काउंटीतल्या धूम्रपानाचा, मधुमेहाचा नेटका टक्का मिळेल. तो तिथे जाऊन मोजलेला नसतो. मोठ्या सर्व्हेतून आणि लोकसंख्येच्या रचनेवरून तो मॉडेलने काढलेला असतो. अंदाज म्हणून तो उपयोगी आहे, पण तुम्ही दोन वर्षं तंबाखूमुक्तीचं काम केलंत आणि यश मिळालं की नाही हे त्यात शोधायला गेलात तर सापडणार नाही.

याचा अर्थ ते पाच मृत्यू दुर्लक्षिण्यासारखे आहेत असं मुळीच नाही. एकेक मृत्यूच्या मागे जाऊन पाहणं लहान काउंटीत शक्य असतं, मोठ्या शहरात ते अवघड. कॉरोनर (मृत्यूच्या कारणाची चौकशी करणारा अधिकारी), शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख) आणि डॉक्टर यांनी गोपनीयता पाळून एकत्र बसावं. शेवटच्या महिन्यात ती व्यक्ती कोणाकडे गेली होती? बंदूक घरात उघडी होती का? कर्जाची नोटीस आली होती का? ग्रामीण भागात आत्महत्येचे दर शहरांहून जास्त आहेत आणि बंदुकीचा वाटा मोठा आहे. त्यामुळे बंदुका कुलूपबंद ठेवण्याची मोहीम दुकानदारांना आणि शिकारी क्लबांना सोबत घेऊन करता येते. अहवालात दर लिहिण्याऐवजी 'दहा वर्षांत इतके मृत्यू' असं लिहा आणि त्याच पानावर ९८८ हा आत्महत्या रोखण्यासाठीच्या हेल्पलाइनचा क्रमांक द्या. जुलै २०२२ पासून तो देशभर चालू आहे.

प्रश्न: आमच्या बोअरच्या पाण्यात नायट्रेट १४ आलं. घरात दोन महिन्यांचं बाळ आहे. काउंटीच्या यादीत मात्र पाण्याचा उल्लेखच नाही, कारण सर्व्हेत लोकांनी 'डॉक्टर कमी आहेत' एवढंच लिहिलं. — नेब्रास्कातून

आधी बाळाचं पाहू. या पाण्यात फॉर्म्युला कालवू नका आणि पाणी उकळून वापरू नका. उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटून ते उलट वाढतं. साध्या कार्बन फिल्टरचाही उपयोग नाही. बाळासाठी बाटलीबंद पाणी घ्या, पुढे आरओ बसवता येईल. मग रिपोर्टवरचं एकक बघा. 'नायट्रेट-नायट्रोजन' असं लिहिलं असेल तर मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे आणि तुमचं पाणी तिच्या वर आहे. नुसतं 'नायट्रेट' असेल तर मर्यादा साधारण ४५ आहे आणि १४ तिच्या बरंच खाली. प्रयोगशाळेला फोन करून खात्री होईपर्यंत ते वापरू नका. बाळ निळसर दिसलं किंवा श्वासाला त्रास झाला तर थेट इमर्जन्सी गाठा.

आता यादीबद्दल. १९७४ चा सेफ ड्रिंकिंग वॉटर ॲक्ट सार्वजनिक पुरवठ्याला लागू आहे, घरगुती बोअरला नाही. तपासणी ज्याची त्याने करायची, म्हणून बरेच जण करतच नाहीत. तपासणी नाही म्हणून आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणून यादीत नाव नाही. सर्व्हे ज्यांनी भरला तेही बघा. ऑनलाइन फॉर्म बहुधा विमा असलेले, निवृत्त आणि खुद्द रुग्णालयाचे कर्मचारी भरतात. मांस कारखान्यातला रात्रपाळीचा स्पॅनिश बोलणारा कामगार किंवा मोबाइल होममधली आई त्यात नसते. त्यांना भेटायचं तर पाळी सुटताना कारखान्याच्या दारात, लॉन्ड्रीत, फूड बँकेत जावं लागतं.

बोर्डाकडे एकच नेमकी मागणी करा: काउंटी फेअरच्या निमित्ताने किंवा एक्स्टेन्शन ऑफिसमार्फत (विद्यापीठाचं शेती-सल्ला केंद्र) बोअरच्या पाण्याची मोफत तपासणी. घरमालकांना जागेची किंमत घसरण्याची भीती असते, म्हणून नकाशावर पत्ता न दाखवता फक्त परिसर दाखवावा. दोनशे बाटल्या तपासून झाल्या की विषय आपोआप चर्चेत येईल.

प्रश्न: प्राधान्याचे विषय किती असावेत?

दोन, फार तर तीन. आठ विषयांची योजना कोणालाच नाही म्हणण्याची हिंमत न झाल्यामुळे बनते. या फेरीत काय करणार नाही आणि का, तेही त्याच कागदावर लिहा. वगळलेल्या विषयासाठी झटणाऱ्यांना निदान कारण कळतं.

प्रश्न: आमच्याकडे ड्रग्जचा प्रश्न पहिला आला. पण निर्जंतुक सुया देण्याच्या केंद्राचं नाव काढलं की कमिशनर (काउंटीचा कारभार पाहणारे निवडून आलेले सदस्य) ऐकूनही घेत नाहीत. हट्ट धरावा की सोडून द्यावं? — ओहायोतून

इंडियानातली स्कॉट काउंटी त्यांच्यासमोर ठेवा. तिथे वर्षाला एचआयव्हीचे पाचांहून कमी नवे रुग्ण सापडत. नोव्हेंबर २०१४ पासूनच्या वर्षभरात १८१ सापडले, आणि त्यातले बहुसंख्य ऑस्टिन या जेमतेम चार हजारांच्या गावाभोवतीचे. ऑक्सिमॉर्फोन या अफूसारख्या वेदनाशामकाच्या गोळ्या विरघळवून त्या एकाच सुईने टोचल्या जात होत्या. यातल्या दहापैकी नऊ जणांना हेपटायटिस सी (सुईतून पसरणारा यकृताचा आजार) देखील होता. तो वाढताना कोणी नीट मोजला असता तर इशारा आधी मिळाला असता. मार्च २०१५ मध्ये राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केली, सुयांचं केंद्र सुरू झालं आणि साथ ओसरली. पुढे २०२१ मध्ये तिथल्याच कमिशनरांनी दोन विरुद्ध एक मतांनी ते केंद्र बंद करायचं ठरवलं. २०१६ मध्ये सीडीसीच्या संशोधकांनी अशा साथीचा धोका असलेल्या २२० काउंट्या शोधल्या. त्यांत ग्रामीण काउंट्या पुष्कळ आहेत, तुमची आहे का ते बघा.

हट्ट धरा, पण काम त्यासाठी अडवून ठेवू नका. तुरुंगात हेपटायटिस सीची तपासणी सुरू करता येते. सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे ओव्हरडोसने मरण्याचा धोका फार मोठा असतो, म्हणून बाहेर पडणाऱ्याच्या हातात ओव्हरडोस उतरवणाऱ्या नालोक्सोनचा स्प्रे द्या. २०२३ मध्ये तो विनाप्रिस्क्रिप्शन विकायला परवानगी मिळाली. व्यसनावरचं ब्युप्रेनॉर्फिन हे औषध लिहून देण्यासाठी लागणारी वेगळी सूट २०२२ च्या अखेरीस रद्द झाली, तेव्हा गावातला कोणताही फॅमिली डॉक्टर डीईएच्या (केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण खातं) नेहमीच्या नोंदणीवर ते देऊ शकतो. पैसा? ओपिऑइड (अफूसारख्या) वेदनाशामकांच्या खटल्यांत जॉन्सन अँड जॉन्सन आणि तीन बड्या औषध वितरकांशी २०२१ मध्ये झालेल्या २६ अब्ज डॉलरच्या तडजोडीतला किमान ८५ टक्के वाटा या संकटावरच्या उपायांसाठीच आहे. तुमच्या काउंटीचा हिस्सा कुठे खर्च होतोय, हे कमिशनरांच्या जाहीर बैठकीत विचारा.

शेरीफला लवकर सोबत घ्या. झडती घेताना खिशातली सुई हाताला टोचण्याची भीती त्याच्या शिपायांना रोज असते. निर्जंतुक सुयांची बाजू कमिशनरांपुढे त्याने मांडली तर ते डॉक्टरपेक्षा त्याचं जास्त ऐकतील.

प्रश्न: योजना मंजूर झाली आणि चार महिन्यांत हेल्थ डायरेक्टर नोकरी सोडून गेल्या. आता?

ग्रामीण काउंटीत हे नेहमीचं आहे, म्हणून योजना पदाच्या नावाने लिहायची, व्यक्तीच्या नाही, आणि प्रत्येक विषयाला खात्याबाहेरचा एक जोडीदार द्यायचा. तो शाळेची नर्स, फार्मासिस्ट किंवा ग्रंथपाल, कोणीही चालेल. पुढच्या बोर्ड बैठकीच्या विषयपत्रिकेवर 'प्राधान्यविषयांची प्रगती' हा मुद्दा कायमचा घालून घ्या आणि नव्या डायरेक्टरच्या मुलाखतीत उमेदवाराला तीच दोन-तीन पानं वाचायला द्या. पहिल्या नव्वद दिवसांत यातलं कोणतं काम हाती घ्याल, असा थेट प्रश्न विचारा.