आठ जीबी इतक्या स्वस्तात?

प्रश्न : घरी बऱ्याच वर्षांपूर्वी असेम्बल करून घेतलेला संगणक आहे. दुसऱ्या पिढीचा इंटेल आय३ प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम. सोसायटीचे हिशेब आणि नातीशी व्हिडिओ कॉल, एवढंच काम. पण ब्राउझर उघडला की सगळं अडून बसतं. ऑनलाइन ८ जीबी डीडीआर३ (रॅमची जुनी पिढी) रॅम आमच्या दुकानदाराच्या निम्म्या भावात दिसते. घ्यावी का? आणि भरवशाची कंपनी कोणती?
– एक निवृत्त वाचक, मिरज

उत्तर : काका, त्या जाहिरातीत खाली बारीक अक्षरात 'फक्त एएमडीसाठी' (म्हणजे इंटेलच्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या प्रोसेसरसाठी) असं लिहिलंय का, ते आधी बघा. लिहिलं असेल तर विषय संपला. स्वस्त ८ जीबी डीडीआर३ मध्ये हा माल फार फिरतो. त्यात ×४ रचनेच्या (एका वेळी ४ बिट देणाऱ्या) चिप असतात आणि इंटेलच्या घरगुती बोर्डांना ×८ लागतात. रॅम स्लॉटमध्ये झकास बसते, पंखा फिरतो, स्क्रीन मात्र काळी ती काळीच. दुकानात असं गिऱ्हाईक आलं की मी आधी रॅम काढून तिच्यावरचं लेबल वाचतो.

तुमच्या आताच्या रॅमवरही ते लेबल असेल. कॅबिनेटची बाजूची पत्र्याची झाकणी काढा (वायर भिंतीतून काढून मगच) आणि मोबाइलने फोटो घ्या. 'पीसी३-१०६००यू' किंवा 'पीसी३-१२८००यू' असं काहीसं इंग्रजीत दिसेल. १२८०० म्हणजे १६०० हा वेग गुणिले ८. दुकानदार जिला '१६०० ची' म्हणतो ती हीच. तुमचा प्रोसेसर ती १३३३ च्या वेगावरच चालवेल, त्यानं काही बिघडत नाही. शेवटचा 'यू' मात्र महत्त्वाचा. तिथे 'आर' असेल तर ती सर्व्हरची रॅम. कितीही स्वस्त मिळो, तुमच्या घरी चालणार नाही. 'एस' असेल तर लॅपटॉपची.

आता कंपनी. रॅमची चिप बनवणारे मोठे तिघेच : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. बाकीचे बहुतेक ब्रँड चिप विकत घेऊन पट्टीवर बसवतात, किंग्स्टनसुद्धा. त्यात कमीपणा काही नाही, चांगले लोक नीट तपासूनच माल सोडतात. मायक्रॉनने आपला घरगुती ब्रँड क्रुशियल बंद करत असल्याचं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं, पण विकलेल्या मालाची वॉरंटी पाळू असंही सांगितलंय.

तरी डीडीआर३ च्या बाबतीत माझं मत जरा उलटं आहे. कुणी ऐकलं नसेल अशा नावाच्या, चकचकीत पाकिटातल्या 'नव्या' रॅमपेक्षा ऑफिसच्या मोडीत काढलेल्या ब्रँडेड डेस्कटॉपमधली सॅमसंग किंवा हायनिक्सची जुनी पट्टी मला जास्त पटते. तुमच्या दुकानदाराकडे तशीच ४ जीबी मागा. बोर्डाला दोन स्लॉट आहेत; दोन्हीकडे ४-४ बसली की ड्युअल चॅनलचाही (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरण्याचा) फायदा मिळतो. एआयच्या डेटा सेंटरांमुळे २०२५ च्या अखेरीपासून नव्या रॅमचे भाव कडाडलेत, हे आणखी एक कारण. बिलावर मात्र 'न चालल्यास बदलून' लिहून घ्या. तोंडी नको.

रॅम बसवताना दोन्ही टोकांच्या खिट्ट्या टक् आवाज करून बंद झाल्या पाहिजेत. स्क्रीन आली म्हणजे काम झालं असं समजू नका. सदोष रॅम आठवडाभर गुपचूप चालते आणि ऐन हिशेबाच्या दिवशी निळी स्क्रीन दाखवते. मेमटेस्ट८६ प्लस हा फुकट प्रोग्राम पेनड्राइव्हवर घालून रात्रभर चालवा. सकाळी एक जरी चूक दिसली तरी दुकान गाठा. 'एखादी चालते हो' म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

विंडोज ३२-बिटचं असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम वाया जाईल, तेवढं आधी तपासा. आणि अजून जुनी हार्ड डिस्कच असेल तर पहिले पैसे एसएसडीवर (हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान चिपच्या डिस्कवर) घाला. विंडोज १० चा नेहमीचा आधार (अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही; तेव्हा या यंत्रात हात राखूनच खर्च करा.

प्रश्न : माझा आय५-८४००, एच३१० बोर्ड. ३२०० वेगाची डीडीआर४ रॅम घेतली, पण विंडोजमधला टास्क मॅनेजर २६६६ दाखवतो. मला फसवलं का?
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : नाही रे. तुझ्या प्रोसेसरची आणि या बोर्डाची मर्यादाच २६६६ आहे, बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) खटपट करून ती ओलांडता येणार नाही. रॅम ठेव. पुढे बोर्ड आणि प्रोसेसर बदललास तर तीच ३२०० वर चालेल. फक्त बोर्ड डीडीआर४ चाच घे. डीडीआर५ ला पिना तितक्याच, २८८, पण खाच वेगळ्या जागी आहे, ही त्यात बसणारच नाही.