नाष्ट्यासकट खोली जरूर द्या, पण एफडीला हात लावू नका

प्रश्न: जुळे सोलापुरात आमचं दुमजली घर आहे, मिस्टरांच्या नावावर. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू दिवाळीनंतर सोडून जातोय. तो महिन्याला 9,500 रुपये द्यायचा. मुलगा पुण्याला असतो. वरच्या दोन खोल्या रोजाच्या भाड्यानं पाहुण्यांना द्यायच्या, सकाळी घरचा नाष्टा द्यायचा, असं माझ्या मनात आहे. दोन बाथरूम, दोन एसी, रंग, कॉट-गाद्या असा सगळा खर्च 2 लाख 40 हजार सांगितलाय. 6 लाखांची एफडी आहे, ती मोडावी म्हणते. त्याशिवाय शिल्लक म्हणावी अशी काही नाही. मिस्टरांची पेन्शन 24 हजार. जीएसटी, फूड लायसन्स, शॉप अ‍ॅक्ट सगळं 28 हजारांत करून देतो म्हणून एक एजंट 2 हजार घेऊन गेलाय. नाष्ट्याचे मी वेगळे पैसे घेणारच नाही, मग फूड लायसन्स कशाला लागतं? – एक वाचक, सोलापूर

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथेच बहुतेकांची चूक होते. नाष्ट्याचे वेगळे पैसे घेत नाही म्हणून तो फुकट ठरत नाही. खोलीचे दीड हजार घेतलेत, तर त्यातच उप्पीट आणि चहा आला. आणि समजा खरोखरच फुकट दिला, तरी अन्नसुरक्षा कायद्यात अन्नव्यवसायाची व्याख्या करताना नफा होवो वा न होवो, असंच म्हटलंय. घरी आलेल्या नणंदेला धपाटे वाढले तर कुणी विचारणार नाही. भाडं देऊन राहिलेल्या माणसाला वाढले की तुम्ही अन्नव्यावसायिक झालात. तेव्हा एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करावीच लागेल.

पण एजंट ज्याला ‘फूड लायसन्स’ म्हणतो ते मोठ्या उलाढालीवाल्यांसाठी असतं. तुमच्यासारख्यांना साधी नोंदणी पुरते. तिचं सरकारी शुल्क वर्षाला 100 रुपये आहे. ‘फॉसकॉस’ या सरकारी पोर्टलवर फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लावून अर्ज करायचा. अन्न व औषध प्रशासनाचा माणूस स्वयंपाकघर बघायला येऊ शकतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. नोंदणी क्रमांक मिळाला की नाष्ट्याच्या टेबलाजवळ लावायचा आणि पावतीवरही छापायचा. कागदापेक्षा मला तुमच्या पाण्याची काळजी आहे. नळाला रोज पाणी येत नाही अशा गावात टाकी आणि हौद हेच आपलं धरण. पाहुण्याचं पोट बिघडलं तर भिंतीवरचा नंबर तुम्हाला वाचवणार नाही. टाकी धुवून घ्या आणि पिण्याचं पाणी एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्या.

आता जीएसटी. इथे एजंट तुम्हाला चक्क खड्ड्यात ढकलतोय. सेवेच्या धंद्याला वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. तुमच्या दोन्ही खोल्या वर्षाच्या 365 रात्री भरल्या आणि रोज दीड हजार मिळाले, तरी बेरीज होते 10 लाख 95 हजार. म्हणजे अशक्य कोटीतलं यश मिळालं तरी तुम्ही मर्यादेच्या निम्म्यावर जेमतेम पोचता. ‘जीएसटी नंबर नसेल तर बुकिंगच्या अ‍ॅपवर खोली टाकता येत नाही’ असं त्यानं सांगितलं असणार, हे मी न विचारता ओळखतो. खोलीच्या बाबतीत ते खरं नाही. नोंदणी नसलेल्या छोट्या यजमानाच्या खोलीवरचा जीएसटी अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीनंच भरायचा, अशी कायद्यात सोय आहे. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर हा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के आहे, आधी 12 होता.

उलट एकदा नंबर घेतला की धंदा होवो न होवो, रिटर्न भरत बसायचं. शून्य उलाढालीचं रिटर्न चुकलं तरी दिवसाला 20 रुपये दंड चालू. माझ्या एका ग्राहकानं असाच हौसेनं नंबर घेतला होता. पहिल्या वर्षात त्याला पाहुणे मिळाले अकरा आणि रिटर्न चुकली नऊ.

बाकीचे कागद पटकन सांगतो. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी करा, ती पूर्ण मोफत आहे. तिचे कुणी पैसे मागितले तर त्याला चहासुद्धा देऊ नका. शॉप अ‍ॅक्टखाली वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर फक्त ऑनलाइन सूचनापत्र द्यायचं असतं. तुमच्याकडे एक बाई येणार, म्हणजे विषय संपला. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि प्रत्येक पाहुण्याच्या ओळखपत्राची नोंदवही ठेवा. परदेशी पाहुणा आला तर 24 तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. हे विसरलात तर प्रकरण महागात जातं. महापालिकेच्या मिळकतकर विभागाला आणि महावितरणच्या उपविभागाला वापर बदलतोय हे आधीच अर्ज देऊन कळवा आणि पोच घ्या. घराचा विमा असेल तर त्या कंपनीलाही सांगा. नाहीतर गिझरनं पेट घेतल्यावर ते म्हणतील, हे घर नव्हतंच, लॉज होतं.

एक नोंदणी मात्र एजंटाच्या यादीत नाही, आणि माझ्या मते तुम्हाला तीच सगळ्यात उपयोगाची आहे. राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडची निवास व न्याहारीची. मालकाचं कुटुंब त्याच घरात राहतं हा या योजनेचा गाभा, आणि तुम्ही खालीच राहता. अर्ज तुमच्या नावानं करा आणि जागा वापरायला मिस्टरांचं संमतिपत्र जोडा. नाव तुमचंच का, तर राज्यानं 2023 साली महिलांसाठी ‘आई’ पर्यटन धोरण आणलंय. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी असलेल्या महिला व्यावसायिकेनं 15 लाखांपर्यंत कर्ज घेऊन हप्ते वेळेवर भरले, तर 12 टक्क्यांच्या मर्यादेत व्याज परत मिळतं. सात वर्षं किंवा साडेचार लाख रुपये, जे आधी होईल तिथपर्यंत. पण कर्ज द्यायचं की नाही हे बँकच ठरवते, आणि व्याज परत आलं तरी मुद्दल तुम्हालाच फेडायचंय. त्यामुळे हे पहिल्या दिवशी नको, पुढच्या पायरीला ठेवा.

आता खरा प्रश्न, एफडी मोडायची का? हिशेब मांडू.

एका खोलीचे एका रात्रीचे 1,500 धरले. त्यातून अ‍ॅपचं कमिशन 15 टक्के म्हणजे 225, दोघांचा नाष्टा 120, चादरी-टॉवेल धुणं 80, वीज आणि पाणी 150, कामाची बाई 100, साबण वगैरे किरकोळ 25. झाले 700. हातात उरले 800. उन्हाळ्यात एसी रात्रभर चालेल, टँकर मागवावा लागेल, तेव्हा आठशेचे साडेसहाशे होतील ते वेगळं.

भाडेकरू वर्षाला 1 लाख 14 हजार देत होता, काही न करता. तेवढे नुसते परत मिळवायलाच 143 रात्री भराव्या लागतील. त्यावर 2 लाख 40 हजारांची दुरुस्ती पाच वर्षांत वसूल करायची तर वर्षाला 48 हजार, आणि ती रक्कम एफडीत राहिली असती तर 7 टक्क्यांनी 16,800 व्याज मिळालं असतं. सगळं धरून 224 रात्री. दोन खोल्यांच्या मिळून 730 रात्री असतात, म्हणजे सुमारे 31 टक्के. कागदावर हा आकडा सोपा दिसतो. आणि इतकं करून तुम्ही फक्त बरोबरीला येता. पहाटे पाचला उठून उप्पीट परतल्याची मजुरी त्यात कुठेच नाही.

अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरचे भाविक येतील असं तुमचं गणित असणार. त्यावर मी फार भिस्त ठेवणार नाही. अक्कलकोटला भक्तनिवास आहे, अन्नछत्रात प्रसाद आहे, आणि ते जेमतेम चाळीस किलोमीटरवर. ज्याला स्वामींच्या काकडआरतीला जायचंय तो जुळे सोलापुरात कशाला उतरेल? म्हाताऱ्या आईवडिलांना गाडीनं तिन्ही ठिकाणी फिरवणारं कुटुंब येईल, त्यांना पायऱ्या कमी आणि कमोड लागतो. पण मला तुमचं खरं गिऱ्हाईक दुसरंच दिसतं. विजापूर, कलबुर्गी, लातूर, धाराशिवहून लोक सोलापूरच्या दवाखान्यांत ऑपरेशनला येतात. त्यांचे नातेवाईक चार-पाच रात्री राहतात, त्यांना स्वच्छ खोली आणि सकाळी पोटभर घरचं हवं असतं. मग लग्नसराई, आणि टॉवेल-चादरी, शाळेचे गणवेश घ्यायला येणारे व्यापारी. अशांना एकदा तुमची शेंगाचटणी आवडली की पुढच्या खेपेला ते थेट फोन करतात, आणि कमिशनचे 225 घरात राहतात. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, आठवड्यात खोल्या कशाही भरतील. त्यावरून वर्षाचा अंदाज बांधू नका.

म्हणून माझं मत असं, की एकाच खोलीनं सुरू करा. रस्त्याकडची खोली घ्या. एक बाथरूम, एक एसी, रंग, गाद्या मिळून 1 लाख 10 हजारांत बसवा. दुसरी खोली आहे तशी एखाद्या नर्सला किंवा नोकरीवाल्या मुलीला महिना 4,500 ला द्या. घरात तिसरं माणूस नको असेल तर हा सल्ला बाद, पण मग पहिल्या वर्षी तेवढी झळ सोसायची तयारी ठेवा. नर्सचे वर्षाला 54 हजार आले, तर जुन्या भाड्यातले 60 हजार एका खोलीला काढावे लागतील. दुरुस्तीचे 22 हजार आणि व्याजाचे 8,800 धरून 90,800. म्हणजे 114 रात्री. टक्का तोच, 31 च्या आसपास. फरक इतकाच की डाव फसला तर निम्माच फसेल.

आणि हे 1 लाख 10 हजार एफडी मोडून नको. त्याच एफडीवर बँकेकडून ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून लागतील तसे पैसे उचला. व्याज साधारण एफडीच्या दरापेक्षा एखादा टक्का जास्त पडतं, म्हणून वर 8 टक्क्यांनी 8,800 धरलेत. तेही जितके वापराल तितक्यावरच. मोडली तर मुदतपूर्वीचा दंड जातो, आणि मोडलेली एफडी पुन्हा कुणी करत नाही, हे मी वीस वर्षं बघतोय. पेन्शन 24 हजारांची आणि दुसरी शिल्लक नाही. उद्या मिस्टरांनाच दवाखान्यात न्यावं लागलं तर ही एफडी म्हणजे तुमचं एकमेव छत्र आहे.

आयकराची चिंता करू नका. नवीन पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही, तुम्ही त्याच्या जवळपासही जाणार नाही. तरी तुमच्या नावाचं रिटर्न दरवर्षी भरा. नाष्ट्यासकट रोजानं दिलेली खोली म्हणजे धंद्याचं उत्पन्न, घरभाडं नव्हे, त्यामुळे ते तसंच दाखवा. पुढे ‘आई’चं कर्ज मागायला गेलात की बँक सगळ्यात आधी हेच कागद मागेल. अ‍ॅपवर खातं उघडताना पॅन द्यायला विसरू नका. दिलंत तर वर्षाला 5 लाखांपर्यंत कंपनी टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापत नाही, नाही दिलंत तर 5 टक्के कापून घेते.

वहीत रोज दोनच गोष्टी लिहा, खोली भरली की नाही आणि पाहुणा अ‍ॅपवरून आला की थेट. पुढच्या दिवाळीला 114 च्या वर रात्री भरलेल्या असतील तर दुसऱ्या खोलीचं बोलू, तेव्हा ‘आई’चा अर्जही करू. 80 च्या खाली असतील तर पुन्हा भाडेकरू ठेवा. बाथरूम नवीन झालंय म्हणून भाडं थोडं जास्तच येईल.

राहिला एजंट. त्याला दिलेले 2 हजार आजच परत मागा आणि जीएसटीचा अर्ज करू नको असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा, तोंडी नको. तुमचं आधार आणि पॅन त्यानं घेतलं असणार, तेव्हा नंबर काढून झाला नाही ना, हे जीएसटीच्या पोर्टलवर पॅन टाकून स्वतः बघा. पैसे देत नसेल तर त्या 2 हजारांत एफएसएसएआयची नोंदणी आणि शॉप अ‍ॅक्टचं सूचनापत्र करून घ्या, आणि पुढचे 26 हजार बाथरूमच्या फरशीला ठेवा.