रिसाला गेला, बाजार राहिला

प्रश्न : नोकरीनिमित्त मी दोन वर्षांपासून हिंगोलीत राहते. इथं रिसाला बाजार, तोफखाना, सदर बाजार अशी वस्त्यांची नावं आहेत. घरमालक आजोबा म्हणतात, इंग्रजांचा तात्पुरता तळ होता. पण हा मुलूख तर निजामाचा. मग इंग्रजांची छावणी इथं कशी? आणि तात्पुरत्या तळाची नावं इतकी कशी टिकली?
— एक वाचक, हिंगोली

उत्तर : ताई, पत्र वाचलं आणि मी आधी गोठ्यात गेलो. तिथं खुंटीला एक लोखंडी खरारा आहे. एका बाजूचे दात झिजून सपाट झालेत. आमचे खापरपणजोबा रिसाल्याला कडबा पुरवायचे, तेव्हा एका स्वारानं तो दिला, असं घरात सांगतात. वडील त्यानं बैल घासायचे, पुढं मीही घासले.

रिसाला म्हणजे घोडदळ. ही फौज हैदराबाद कंटिंजंटची. राज्य निजामाचं, पगार निजामाच्या खजिन्यातून. पण अंमलदार इंग्रज आणि हुकूम हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटचा, म्हणजे निजामाच्या दरबारातल्या इंग्रजांच्या वकिलाचा. जानेवारी 1819 मध्ये मेजर पिटमनच्या फौजेनं हदगावकडची नोवसाजी नाईकांची गढी घेतली. हटकर समाजाचं निजामाविरुद्धचं ते बंड मोडलं, त्याच सुमारास हिंगोलीला छावणी पडली. बंडं शमली, पण तळ काही उठला नाही. जालना, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, तिथंही छावण्या होत्याच.

बाजाराचं कारण घोड्यात आहे. या रिसाल्यात शिलेदारीची पद्धत होती. घोडा स्वाराच्या मालकीचा, त्याचा दाणा-वैरणही त्यानंच पगारातून भागवायची. शेकडो घोडी एका जागी बांधलेली म्हटल्यावर कडबा, हरभरा, नालबंद, मोची सगळं हाताशी लागणार. माणसं पोटापाण्याला आली, घरं बांधून राहिली.

मला सलतं ते पैशाचं. फौजेच्या खर्चापायी निजाम कर्जात बुडाला आणि 1853 च्या तहानं वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला नळदुर्गचा मुलूख, म्हणजे आजच्या धाराशिवकडचा भाग, इंग्रजांच्या ताब्यात गेला. नळदुर्ग 1860 मध्ये परत आला, वऱ्हाड नाही. खजिना निजामाचा म्हणायचा, पण त्यात पडणारा सारा ज्वारी-कापूस पिकवणाऱ्या रयतेचा. आपल्याच शेतसाऱ्यावर पोसलेली फौज आपल्याच गढ्यांवर चालून जायची. शाळेत चाळीस वर्षं इतिहास शिकवला, पण हे सांगताना आवाज चढल्याशिवाय राहिला नाही.

त्या फौजेतले जवानही आपल्यासारखेच. जून 1857 मध्ये औरंगाबादच्या छावणीतल्या रिसाल्यानं इंग्रजांविरुद्ध उठाव केला. जनरल वुडबर्न फौज घेऊन आला आणि उठाववाल्यांना देहदंड झाला. ती जागा काळा चबुतरा, आजचा क्रांती चौक. तिथून जाल तेव्हा क्षणभर थांबा.

1903 मध्ये कंटिंजंट इंग्रजांच्या हिंदुस्थानी लष्करात मिसळली आणि हिंगोलीची छावणी मोडली. म्हणजे आजोबांचा तात्पुरता तळ चौऱ्याऐंशी वर्षांचा! त्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या माळ्यावर छावणीतला एखादा तोबरा, रिकीब, जुनी पावती असेल तर फोटो काढून माझ्याकडे पाठवा.