स्पेनच्या मायोर्का बेटावर पहिल्यांदा सायकल चालवायला जातोयस, तर…

सा कालोब्राच्या घाटाचं वेड पहिल्या दिवशी डोक्यातून काढ. साडेनऊ किलोमीटरचा, सरासरी सात टक्क्यांचा चढ. त्यात समुद्रापर्यंत आधी उतरायचं आणि मग त्याच वाटेने वर यायचं! शिवाय दिवस वर आला की पर्यटकांच्या बसगाड्या. जायचंच तर उजाडता उजाडता जा.

खरी शांतता बेटाच्या मधल्या सपाट भागात, 'प्ला'मध्ये आहे. सिनेऊ, सांत जुआन, पेत्रा या गावांना जोडणारे अरुंद रस्ते शोध. दोन्हीकडे बिनचुन्याचे दगडी गडगे, पलीकडे बदामाची झाडं, एखादी मेंढी मान वर करून बघते, बस्स. फेब्रुवारीत बदाम फुलतो. गडग्यांमुळे वळणापलीकडचं मात्र काही दिसत नाही, तेव्हा ट्रॅक्टर गृहीत धरूनच वळ. सिनेऊला बुधवारी बाजार असतो, त्या दिवशी गाव टाळ किंवा मुद्दाम थांब. पेत्राच्या चौकात संत्र्याचा रस घेतल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

पाय मोकळे झाले की रांदाचा डोंगर कर. जेमतेम साडेपाचशे मीटर, पण माथ्यावरच्या मठापासून अर्धं बेट दिसतं.

आणि हो, तिथे वाहतूक उजवीकडून. भाड्याच्या सायकलला पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो, आपल्या उलट. मी पहिल्याच उतारावर सवयीने डावा दाबला आणि हँडलवरून जाता जाता वाचलो. दुकानाबाहेरच दोन्ही ब्रेक दाबून बघ. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे.