कापलेलं दीड मिनिट

"माझं वय ६३. बँकेतून निवृत्त झालो, सांगलीत राहतो. गाणं शिकलो नाही, पण चाळीस वर्षं ऐकतो आहे. आमच्या एका मित्राच्या घरी दर दोन-तीन महिन्यांनी बैठक होते, वीस-पंचवीस जण असतात. सतरंज्या घालण्यापासून कलाकारांना स्टेशनवरून आणण्यापर्यंत सगळं मी हौसेने करतो. या बैठकींचं रेकॉर्डिंगही मीच करतो, खिशातल्या लहान रेकॉर्डरवर, आणि टेलिग्रामवरच्या माझ्या चॅनेलवर ते टाकतो. एका रुपयाची कमाई नाही, उलट हार्ड डिस्क पेन्शनमधून घेतो.

गेल्या वर्षी एका ताईंनी मारुबिहाग रागातली स्वतः बांधलेली बंदिश गायली. सुरुवातीचं दीड मिनिटाचं बोलणं काढून, आवाज थोडा साफ करून मी ती फाइल टाकली. लोकांना फार आवडली. एका मुलीने ती ऐकून बसवली आणि स्पर्धेत गायली. अंतऱ्यातली, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागातली, जी ओळ ताईंनी नुसत्या आकारात, 'आ' म्हणत घेतली होती, तीसुद्धा तिने हुबेहूब तशीच घेतली! यात ताईंचंच नाव झालं ना? पण ताईंनी मित्राला निरोप दिला, 'ते काका येणार असतील तर मी गायला येणार नाही.' तेव्हापासून मला झोप नाही. पूर्वीच्या लोकांनी लपूनछपून टेप केलं म्हणून आज आपल्याला एवढं ऐकायला मिळतं. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाचा आवाज कुणी धरून ठेवला असता तर? मी चोर आहे का, एवढंच सांगा."

नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडले. भास्करबुवांपाशी नाही, पेन्शनमधून घेतलेल्या हार्ड डिस्कपाशी नाही. "सुरुवातीचं दीड मिनिटाचं बोलणं काढून" या पाच शब्दांपाशी. भाजी निवडताना देठं बाजूला टाकावीत तसे तुम्ही ते शब्द टाकून पुढे गेलात.

उत्तर छापण्याआधी मी सहसा वाचकांना उलट काही विचारत नाही. या वेळी विचारलं. एकच ओळ पाठवली होती: त्या दीड मिनिटात ताई काय म्हणाल्या? पाचव्या दिवशी तुमचं उत्तर आलं. ते असं:

"त्या म्हणाल्या, ही बंदिश अजून पुरी झालेली नाही, अंतऱ्याची दुसरी ओळ मला सापडायची आहे. घरचीच माणसं आहात म्हणून धीर करते आहे. तेवढे फोन बाजूला ठेवा. पण त्या फोन म्हणाल्या, रेकॉर्डर म्हणाल्या नव्हत्या. मूळ फाइल मी पुसलेली नाही."

तुम्ही खरं लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. खोटं लिहिणं सोपं होतं आणि मला ते कधी कळलंही नसतं. पण "रेकॉर्डर म्हणाल्या नव्हत्या" हे वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि उठून गॅलरीत गेले, इतका राग आला. चाळीस वर्षं ज्याने स्वरांमधला श्रुतीचा फरक ऐकला, त्या कानाला त्या विनंतीचा अर्थ कळला नाही, असं तुम्ही मला सांगू नका. हे वाक्य पुन्हा कुणाला लिहू नका, कुणाजवळ बोलू नका.

आता त्या कापण्याविषयी. काही कापायचं तर ते आधी ऐकावं लागतं. घरी आल्यावर तुम्ही कानाला हेडफोन लावला असणार. ताईंचं बोलणं कुठे संपतं आणि नुसते तंबोरे कुठे उरतात ती जागा शोधली असणार. ती जागा एका फटक्यात सापडत नाही, मागे-पुढे करावं लागतं. म्हणजे बैठकीत एकदा आणि रात्री टेबलाशी बसून आणखी दोन-चारदा तुम्ही त्यांची विनंती ऐकलीत. "घरचीच माणसं आहात म्हणून" हे शब्द ऐकलेत. आणि मग ते पुसलेत.

ऐकणाऱ्यांना थेट गाणं हवं असतं, असं तुम्ही म्हणाल. तसं नसतं, आणि हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. जुन्या मैफिलींच्या टेपांमध्ये बुवा मधेच पाणी मागतात, तबला जरा चढवून घ्यायला सांगतात, दारात उभ्या असलेल्या कुणाला तरी "या, बसा" म्हणतात. रसिक त्या जागा गाण्याइतक्याच जपतात. तुमच्या इतर फाइलींमध्ये असं बोलणं असेलच, आणि ते तुम्ही ठेवलंही असेल. हे दीड मिनिट मात्र गेलं, कारण ते राहिलं असतं तर पुढची बंदिश कुणालाही निवांतपणे ऐकता आली नसती. तुम्हालाही नाही.

भास्करबुवांचं तुमचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. भास्करबुवा १९२२मध्ये गेले. गायक अल्लादिया खाँसाहेब तुमच्या शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी होते, ते १९४६मध्ये गेले. दोघांचाही आवाज आज ऐकायला मिळत नाही. त्यांच्याविषयी वाचताना आपण सगळे हळहळतो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मिरजेपासून तुम्ही हाकेच्या अंतरावर राहता. त्यांचं जे गाणं आपल्याकडे आहे ते रेकॉर्डच्या एका बाजूवर मावणाऱ्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तुकड्यांत आहे, आणि प्रत्येक तुकडा संपताना जीव चुटपुटतो. ही तहान खरी आहे. स्पूलच्या यंत्रांवर मैफिली टेप करून ठेवणाऱ्यांचं देणं माझ्याही डोक्यावर आहे. मी स्वतः कॉलेजात असताना दुकानात यादी देऊन कोऱ्या कॅसेटी भरून घेतल्या आहेत, आणि त्यातल्या एकाही कलाकाराला त्याचं काय मिळालं हे कधी विचारलं नाही.

पण त्या टेपा कुणाच्या तरी कपाटात होत्या. त्या ऐकायच्या तर त्यांच्या घरी जावं लागायचं, चपला काढून आत बसावं लागायचं, चहा व्हायचा, आणि मग मालकाच्या मनात आलं तर तो कपाट उघडायचा. नाही म्हणायचाही. अमुक टेप बाहेर द्यायची नाही असा शब्द बुवांना दिलेला असला, तर पुष्कळ जण तो मरेपर्यंत पाळायचे. तुमची फाइल सकाळपर्यंत न पाहिलेल्या माणसांच्या फोनांमध्ये गेली. ती आता तुम्हालाही परत आणता येणार नाही.

शिवाय भास्करबुवांना जाऊन शंभर वर्षं झाली, ताई हयात आहेत. त्या सकाळी उठून रियाजाला बसतात. ती ओळ अजून शोधत असतील. तुम्ही जितंजागतं माणूस संग्रहात जमा करून टाकलंत. त्यांना विचारायला एक फोन पुरला असता. तो तुम्ही केला नाहीत, कारण उत्तर तुम्हाला आधीच मिळालेलं होतं.

कायद्याचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी थोडक्यात सांगते, कारण त्यातला एक शब्द तुमच्यासाठी आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने कलाकाराला आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला, आज तो ५० वर्षं टिकतो. तो तबल्यावर आणि पेटीवर बसलेल्यांनाही आहे, ज्यांचा तुमच्या पत्रात उल्लेखसुद्धा नाही. बंदिश ताईंनी स्वतः बांधलेली, तिच्यावरचा हक्क त्यांच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. स्वतःपुरतं ऐकायला केलेलं रेकॉर्डिंग कायद्याला चालतं, तेव्हा तुमच्या खिशातल्या रेकॉर्डरला तो काही करणार नाही. परवानगीवाचून लोकांत वाटणं त्याला चालत नाही. "एका रुपयाची कमाई नाही" याचा उपयोग शिक्षा कमी व्हायला होऊ शकतो, कलम ६३मध्ये तशी सोय आहे. दोष त्याने जात नाही. आणि त्याच कलमात गुन्हा ठरण्यासाठी एक अट आहे: कृत्य जाणूनबुजून केलेलं हवं. ताईंचं बोलणं फाइलीत राहिलं असतं, तर एखादा वकील म्हणू शकला असता की यांचं लक्ष नव्हतं हो, नकळत झालं. तुम्ही ते कापलंत आणि तुम्हाला माहीत होतं हे स्वतःच लिहून दिलंत.

गंमत म्हणून नाही, पण एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. २०१२मध्ये कलाकाराला आपल्या सादरीकरणाची मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा हक्क मिळाला. मात्र केवळ संपादनासाठी एखादा भाग काढला, तर त्याने लौकिकाला बाधा येते असं कायदा धरत नाही. म्हणजे ते दीड मिनिट कापल्याबद्दल तुम्हाला कुठलंही कोर्ट जाब विचारणार नाही. तो जाब ताईंनीच विचारला, तेही न बोलता.

आता त्या आकाराकडे येते. पत्रात तुम्ही ते उद्गारचिन्ह टाकून, कौतुकाने लिहिलं आहे. तिथे आकार का होता? शब्द नव्हते म्हणून. ताईंना ओळ सापडली नव्हती, म्हणून त्या तेवढी जागा स्वरांवर तरंगत पार करून गेल्या, घरच्या माणसांसमोर, लाज न बाळगता. त्या मुलीने ती मोकळी जागाच बंदिश म्हणून बसवली. तिचा काय दोष? तिला कुणी सांगितलंच नव्हतं की इथे काही यायचं आहे. सांगणारं दीड मिनिट तुमच्याकडे होतं.

उद्या ताईंना ती ओळ सापडेल. एखाद्या संध्याकाळी अंतरा पुरा करून त्या गातील, तेव्हा पुढच्या रांगेतलं कुणीतरी शेजाऱ्याच्या कानात म्हणेल, "मूळ बंदिशीत हे शब्द नाहीत, मी ऐकली आहे." आपल्याच बंदिशीत आपण चूक ठरायचं. याला नाव होणं म्हणतात का? बांधणाऱ्या माणसाला एक अधुरी गोष्ट चार माणसांत करून बघायची मोकळीक लागते. ती मोकळीक तुमच्या मित्राच्या दिवाणखान्यात होती, तुम्ही घातलेल्या सतरंजीवर होती. आता तिथे बसताना त्यांना प्रत्येकाच्या खिशाकडे बघावं लागेल. म्हणून त्या येत नाहीत.

चोर आहे का, याचं उत्तर मी देणार नाही. "नाही" म्हटलं तर तुम्ही आज रात्री गाढ झोपाल. "हो" म्हटलं तर माझ्याशी वाद घालत बसाल, आणि त्यातही ताई बाजूलाच राहतील. आणि हा शब्द त्यांनी तुम्हाला वापरलेलाही नाही. त्यांचा निरोप पुन्हा वाचा. "ते काका येणार असतील तर." एवढं झाल्यावरही तुम्ही त्यांच्या तोंडी काकाच आहात. मला ते वाचून पोटात तुटलं. तुम्हाला तिथे फक्त नकार दिसला, म्हणून सांगते आहे.

तुमचं गाण्यावरचं प्रेम खोटं आहे असं मला एका क्षणालाही वाटलेलं नाही. प्रेम नसलेल्या माणसाने मूळ फाइल केव्हाच पुसली असती. तुम्ही ती ठेवलीत. का ठेवलीत, हे तुम्हालाही नीट माहीत नसेल. माझ्या मते ती नेमकी एका कामासाठी राहिली आहे.

आज रात्री चॅनेलवरून ती बंदिश काढा. खाली स्पष्टीकरण लिहू नका, विचारणाऱ्यांना "माझी चूक झाली" एवढंच सांगा. आणि येत्या शनिवारी ताईंच्या घरी जा. आधी फोन करून विचारा. येऊ नका म्हणाल्या तर पुढच्या शनिवारी पुन्हा विचारा. मित्राला मध्यस्थ नेऊ नका. पेढे नकोत, साडी नको, हार तर मुळीच नको. भास्करबुवा घरी ठेवून जा, स्पूलवाले संग्राहकही. ती मुलगी किती छान गायली हेही सांगू नका. बरोबर फक्त तो खिशातला रेकॉर्डर न्या, त्यातलं बाकी सगळं काढून, ती एकच मूळ, न कापलेली फाइल ठेवून. चॅनेलवरच्या बाकीच्या फाइलींचं काय करायचं, हे मला विचारणारं दुसरं पत्र त्याआधी पाठवू नका.

त्यांच्यासमोर बसा. रेकॉर्डर मधे ठेवा आणि सुरू करा. ते दीड मिनिट दोघांनी मिळून ऐका. "तेवढे फोन बाजूला ठेवा" हे येईल तेव्हा खाली बघू नका. बोलणं संपून तंबोरे सुरू होतील. तिथे हात लावू नका. पुढे ऐकायचं की बंद करायचं, ते बटण त्यांना दाबू द्या, आणि निघताना रेकॉर्डर तिथेच ठेवून या.