अमोनियाची गळती: सूट कोणता घ्यावा?

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातील एका मासळी-प्रक्रिया कारखान्यात मी शीतकरण विभागाचा पर्यवेक्षक आहे. अमोनियाची गळती झालीच तर वापरण्यासाठी आमच्याकडे दोन कॅनिस्टर मास्क आणि पीव्हीसीचे दोन सूट आहेत. विक्रेत्याचा आग्रह आहे की ‘लेव्हल ए’चा एक सूट घेतला म्हणजे काळजी मिटली. व्यवस्थापन पैसे द्यायला तयार आहे. आम्ही तो घ्यावा का?

उत्तर : एक सूट मुळीच घेऊ नये. कारण पुढे येईलच. आधी श्वासाचा विचार करू, कारण खरेदीत नेमका तोच मागे पडतो.

लेव्हल ए, बी, सी आणि डी ही संरक्षक पोशाखांची अमेरिकेतील वर्गवारी आहे. तिच्यातील ए आणि बी यांच्यात फुप्फुसांच्या संरक्षणात काहीच फरक नाही, दोन्हींत पाठीवर हवेची टाकी असलेला बीए सेटच लागतो. फरक आहे तो त्वचेच्या संरक्षणाचा, म्हणजे ए वायुरोधक आणि बी केवळ द्रवाचे शिंतोडे अडवणारा. बी आणि सी यांच्यातला फरक मात्र श्वासाचा आहे, कारण सीमध्ये आपला कॅनिस्टर मास्क येतो. कॅनिस्टर हवा तयार करत नाही, असलेली हवा गाळतो. त्यामुळे प्राणवायू 19.5 टक्क्यांच्या खाली गेला असेल किंवा वायूचे प्रमाण किती आहे हेच ठाऊक नसेल, तर त्याच्या भरवशावर आत जाता येत नाही. अमोनियाच्या बाबतीत 300 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 300 भाग) ही जिवाला तत्काळ धोक्याची पातळी मानली जाते आणि बंद कॉम्प्रेसर खोलीत पाइप फुटल्यास ती ओलांडायला वेळ लागत नाही. तुमचे मास्क बाहेर पळण्यासाठी ठेवा, आत शिरण्यासाठी नव्हे, आणि कॅनिस्टरवरील पट्टा अमोनियासाठीचा हिरवाच आहे ना व त्याची मुदत संपलेली नाही ना, हे आजच पाहा.

आता त्वचेकडे येऊ. अमोनिया पाण्यात झपाट्याने विरघळतो, म्हणून तो घामेजलेल्या जागी, काखेत, जांघेत, मानेवर आधी भाजतो. कोकणातील मे महिन्यात ओली नसलेली त्वचा शोधूनही सापडणार नाही. म्हणून दाट वायूत शिरायचे असेल तर वायुरोधक सूटच हवा, त्याबाबत विक्रेता चूक नाही. मात्र सूटच्या कापडाला अमोनियासाठी तपासलेला भेदनकाल, म्हणजे वायू कापडातून पलीकडे पोहोचायला लागणारा वेळ, लेखी मागून घ्या. ‘सर्व रसायनांसाठी’ असे उत्तर मिळाले तर दुसरा विक्रेता शोधा. द्रव अमोनिया उणे 33 अंशांना उकळतो, तेव्हा त्याच्या फवाऱ्याखाली कापड व हातमोजे कडक होऊन तडकू शकतात. शिवाय हवेत त्याचे प्रमाण साधारण 15 ते 28 टक्के झाले तर तो पेटतो, आणि साधा वायुरोधक सूट आगीपासून वाचवत नाही.

एकच सूट का नको? आत जायचे ते जोडीने, बाहेर तितकेच सुसज्ज दोघे राखीव, म्हणजे चार सूट, चार बीए सेट, बाहेर पडणाऱ्याला धुऊन काढायला पाणी आणि हे सगळे सरावाने जाणणारी माणसे. 6.8 लिटरच्या टाकीत 300 बार दाबाने सुमारे 2,000 लिटर हवा मावते. मिनिटाला 40 लिटर धरले तर कागदावर पन्नास मिनिटे होतात. प्रत्यक्षात वजन घेऊन धापा टाकणारा माणूस त्याहून जास्त ओढतो, आणि उरलेल्या वेळेतून परत येणे व सूटवरूनच धुऊन घेणे वजा होते. बंद सूटमध्ये घाम वाळत नाही, त्यामुळे हवा उरलेली असतानाही उष्माघात गाठू शकतो. दाढी राखणाऱ्याच्या चेहऱ्याला मास्क नीट बसत नाही, ही गोष्ट कामगारांना सांगताना अवघड वाटते, पण निवड करताना ती सांगावीच लागते.

तुमच्याइतक्या कारखान्यात मी पैसे पुढील क्रमाने खर्च केले असते : बाहेरून बंद करता येणारे व्हॉल्व्ह, अमोनियाचे डिटेक्टर, प्रत्येक पाळीतील माणसाला पुरतील इतके पळण्याचे मास्क, आणि दारापाशी आपत्कालीन शॉवर. आत शिरण्याचे काम अग्निशमन दलाचे किंवा शेजारच्या मोठ्या कारखान्याच्या प्रशिक्षित पथकाचे असावे, आणि तसा परस्पर मदतीचा करार आपत्कालीन आराखड्यात लिहून ठेवावा. ते पथक पोहोचायला किती वेळ घेते, हे सराव करून एकदा घड्याळ लावून मोजा. तो वेळ फार निघाला, तरच चार सूटांचा हिशेब व्यवस्थापनापुढे मांडा.