दोन वह्या

‘मुलगी एमबीबीएस झाली, पंचवीस वर्षांची झाली, आता आणखी किती शिकायचे?’ हा प्रश्न कणकवलीतील माझ्या समुपदेशन कक्षात इतक्या वेळा येतो की त्याचे उत्तर मला पाठ झाले आहे, असे मी समजत होतो. देवगड तालुक्यातील एका कुटुंबाने माझा तो समज मोडला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वडील आंबा बागायतदार. त्यांनी सोबत पेट्यांच्या हिशोबाची वही आणली होती आणि तिच्या शेवटच्या पानावर मुलीचा हिशोब मांडला होता : एमबीबीएसची साडेचार वर्षे, इंटर्नशिपचे एक, बंधपत्रित (सक्तीच्या सरकारी) सेवेचे एक, एमडी या पदव्युत्तर पदवीची तीन, त्यानंतर पुन्हा बंधपत्राचे एक आणि पुढे हृदयरोगतज्ज्ञ व्हायचे म्हटले तर डीएम या त्यापुढच्या पदवीची आणखी तीन. बेरीज साडेतेरा. बारावीनंतर नीटसाठी गेलेले एक वर्ष त्यांनी कंसात लिहिले होते. ‘‘सर, बत्तीस-तेहतीस वर्षांपर्यंत ही शिकतच राहणार. त्यापेक्षा त्वचारोग नाहीतर रेडिओलॉजी घेऊ दे. रात्री कोणी दार वाजवत नाही.’’ मुलीला मात्र एमडी मेडिसिन, म्हणजे मोठ्या माणसांचे आजार शस्त्रक्रियेविना, औषधांनी हाताळणारी फिजिशियन व्हायचे होते.

मी सवयीने आधी बेरीज दुरुस्त केली. फिजिशियन होण्यासाठी डीएमची सक्ती नाही. तो नंतरचा, स्वतंत्र निर्णय असतो. बंधपत्राचे सध्याचे वर्ष ती प्राथमिक आरोग्य केंद्रात पगारावर काढत होती. एमडीच्या तीन वर्षांत निवासी डॉक्टर म्हणून विद्यावेतन मिळते, त्यामुळे ती वर्षे ‘घरून पैसे पाठवण्याची’ राहत नाहीत, निदान शासकीय महाविद्यालयात तरी नाहीत. खासगी महाविद्यालयाच्या शुल्काचा हिशोब मात्र निराळा आहे आणि तो प्रवेशाआधीच उघडपणे मांडावा. वडिलांनी मान डोलावली, पण वही मिटली नाही. त्यांची खरी चिंता बेरजेत नव्हतीच. ‘‘लग्नाचा काय?’’ हे आई बोलली, तेही उठता उठता.

पुढच्या वेळी मी मुलीला एकटीलाच बोलावले आणि विचारले, ‘‘केंद्रातून पुढे पाठवलेले रुग्ण आठवतात का?’’ तिने पिशवीतून एक छोटी वही काढली. भातलावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्यांत कळा आणि पिवळे डोळे घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याला तिने लेप्टोस्पायरोसिसच्या (उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या तापाच्या) संशयावरून, लघवी कमी झाल्याचे पाहून, १०८ रुग्णवाहिकेने पुढे पाठवले होते. नोंदीखाली वेगळ्या शाईत लिहिले होते : ‘बांबोळीला (गोव्याच्या सरकारी रुग्णालयात) हलवले. दोन डायलिसिस. घरी आला.’ ही बातमी तिने रुग्णवाहिकेच्या चालकाला तीनदा फोन करून मिळवली होती. अशा एकोणीस नोंदी होत्या. सांधा निखळलेले, डोक्याला मार लागलेले रुग्णही तिने पाठवले होतेच, पण त्यांचे पुढे काय झाले याची नोंद वहीत नव्हती. कल चाचणीपेक्षा मला ही वही अधिक विश्वासार्ह वाटली.

या वळणावर कोकणात महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे नाव निघतेच. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात विंचूदंशाने दगावणारे रुग्ण पाहून ते त्या विषयाच्या मागे लागले, पुण्याहून एमडी करून महाडला परतले आणि प्राझोसिन या रक्तदाबावरच्या औषधाच्या वापराने त्या मृत्यूंना आळा घातला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिनेही त्यांचे नाव घेतले. मी हे उदाहरण जपून वापरतो, कारण फिजिशियनचा रोजचा दिवस विंचवाचा नसतो, साखरेचा आणि रक्तदाबाचा असतो. म्हणून तिला सुचवले की तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या फिजिशियनकडे परवानगी घेऊन दोन दिवस नुसते बसावे.

ती परतली तेव्हा जरा उतरलेली होती. पहिल्या दिवशीच्या साठेक रुग्णांपैकी बहुतेकांना जुन्याच गोळ्या पुन्हा लिहून दिल्या गेल्या होत्या. शिवाय रात्री दोनदा फोन आले आणि जवळ दुसरा फिजिशियन नसल्याने डॉक्टरांना दोन्ही वेळा उठावे लागले. वडिलांचे दार वाजण्याचे म्हणणे खोटे नव्हते, हे तिने स्वतःहून मान्य केले. पण दुसऱ्या दिवशीचा एक खलाशी तिच्या मनात राहिला होता. पायाला न भरणारी जखम, साखर चारशेच्या घरात आणि तक्रार एकच : ‘‘बोटीर आठ-आठ दिस आसतंय, जेवणाचो टायम खंयचो?’’ डॉक्टरांनी औषधे बदलण्याआधी पंधरा मिनिटे बोटीवरच्या जेवणाच्या वेळा विचारल्या. ‘‘ती पंधरा मिनिटे मला हवी आहेत,’’ ती म्हणाली.

तिसऱ्या बैठकीत दोन्ही वह्या एका टेबलावर ठेवल्या. लग्नाविषयी मी एवढेच म्हटले की निवासी डॉक्टरच्या पहिल्या वर्षात सलग चोवीस तासांहून अधिक ड्यूटी होऊ शकते, ते वर्ष टाळावे. बाकी तिने ठरवावे. आईला हे पटले असे मी म्हणणार नाही. वडिलांनी मुलीची वही चाळली, त्यात त्यांच्याच वाडीतील एका माणसाची नोंद निघाली आणि ते बराच वेळ त्या पानावर थांबले.

पदव्युत्तर प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत तिला मराठवाड्यातील एका शासकीय महाविद्यालयात मेडिसिनची जागा मिळाली. पसंतीक्रमात तिने त्वचारोग आणि रेडिओलॉजी घातलेच नव्हते, हे वडिलांना तिने जागा मिळाल्यावरच सांगितले.